फोटोसाठी थांबलेलं भजन

अरे, मी नवीन डिजिटल कॅमेरा घेतला होता ना, तेव्हाची गोष्ट. पनवेलजवळच्या आमच्या गावात, देवळात दोन भजनी मंडळांचा सामना होता. उजेडाला एक पिवळा बल्ब आणि फ्लॅशला आमच्या बुवांची मनाई. सगळे फोटो हललेले! मध्यंतरात बुवांनी स्क्रीनवर स्वतःची तीन डोकी पाहिली आणि भडकले, "मी दत्त हाय काय?"

म्हटलं, "बुवा, उजेड कमी आहे. जरा स्थिर राहा, मग येईल नीट."

"मंग आधी नाय का सांगाचा!"

नंतर मी कॅमेरा डोळ्याला लावला, की भजन बंद. बुवा आ वासून, पखवाजवाल्याचा हात हवेत, टाळकरी टाळ उघडे धरून. क्लिक झालं, की तुटल्या शब्दापासून पुन्हा सुरू! लोकांना वाटलं, नवी गायकी. टाळ्यांचा कडकडाट. मग समोरचं मंडळही ईर्ष्येने मध्येच थांबलं, पण पुन्हा सुरू कधी व्हायचं हेच त्यांना कळेना.

सामना आम्ही मारला. पुढच्या वर्षी बुवांचा फोन आला, "सामन्याला या."

म्हटलं, "कॅमेरा बिघडलाय, बुवा."

"बिघडू दे. तुमी नुसता डोल्याला लावा."