उस्तादांचा पिवळा ठिपका

मिस्त्री : आता पुन्हा त्याच गतिरोधकावरून. हळू. ब्रेकवर पाय नको ताई, नुसती जाऊ द्या गाडी.

ताई : जाऊ दिली तर वाजेल.

मिस्त्री : वाजवायलाच तर बाहेर काढलीय.

ताई : ऐकलंत? खट्ट! पार पायाच्या तळव्यापर्यंत येतं ते.

मिस्त्री : ऐकलं. डाव्या चाकाकडून येतंय. आता स्टेअरिंग पूर्ण वळवून एकदा.

ताई : नको. वळवलं की दोनदा वाजतं. गेल्या गुरुवारी पाण्याच्या टाकीच्या उतारावर स्टेअरिंग आपणहून वळलं हो. मी नाही वळवलं. एवढंसंच, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून मला धड झोप नाही.

मिस्त्री : उस्तादांना सांगितलंत?

ताई : बाबांना? त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, मला काही ऐकू येत नाही.

मिस्त्री : त्यांना नाही ऐकू आलं?

ताई : त्यांना हल्ली दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही मिस्त्री. पण हे त्यांना सांगणार कोण? वर मलाच म्हणाले, गाडी म्हातारी झाली की कुरकुर करणारच, तुझी आई नव्हती का करत.

मिस्त्री : उस्ताद म्हणजे उस्ताद.

ताई : हसू नका. आणि मी तुमच्याकडे आल्याचं त्यांना कळता कामा नये. या गाडीला वीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

मिस्त्री : मला तरी कुठे धीर होतोय? नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. अजून माझ्या हातून पाना पडला की मी आधी दाराकडे बघतो. चला, आत घ्या गाडी. चढवून बघू.

(गॅरेजमध्ये. गाडी पुढून स्टँडवर चढवलेली, डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. ताई स्टेअरिंगवर, मिस्त्री खाली.)

मिस्त्री : डावीकडे वळवा. आता उजवीकडे. माझा हात स्प्रिंगवर आहे, अडकून सुटत असेल तर बोटांना कळतं. नाही, वरचं सगळं ठीक आहे.

ताई : मग?

मिस्त्री : मग लिंक रॉड, चाकाजवळचा हा छोटा दांडा. दहातल्या आठ वेळा चोर तोच असतो. हा बघा, सोडवून बाजूला ठेवला. आता मी पहारीने खालून उचलतो, तुम्ही ऐका.

ताई : खट्ट.

मिस्त्री : म्हणजे बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला. बुश बघू... रबर चांगलं आहे. शॉकअपही कोरडा, तेल गळलेलं नाही. आयला...

ताई : द्या शिव्या. पण शोधून काढा.

मिस्त्री : आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय माझं. वाजतंय तर इथेच कुठेतरी.

ताई : ते खाली पिवळं काय आहे?

मिस्त्री : तो बॉल जॉइंट. चाकाला खालून धरून ठेवणारा सांधा. गेल्या महिन्यात उस्तादांनी दोन्ही बाजूंचे नवे घातले ना?

ताई : हो. मग तो का नाही बघितलात?

मिस्त्री : त्याला ठिपका आहे ताई.

ताई : म्हणजे काय?

मिस्त्री : आमच्या गॅरेजचा कायदा होता. नट आवळणारा एक, तपासणारे उस्ताद. ते स्वतः पाना लावून बघायचे, मग छोट्या ब्रशने पिवळा ठिपका द्यायचे. ठिपका पडला की त्या नटाला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता. कानाखाली अशी बसली की दोन दिवस मला एकाच बाजूने ऐकू येत होतं.

ताई : पण बाबांनी गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली. आता अंगणात एकटेच काम करतात.

मिस्त्री : हो ना.

ताई : मग आवळतं कोण आणि तपासतं कोण?

मिस्त्री : ते कापड द्या इकडे. ग्रीस पुसतो.

ताई : मी उतरू का? काय दिसतंय?

मिस्त्री : उतरा. आणि त्या स्टुलावर बसा जरा.

ताई : मला बसायचं नाहीये. सांगा.

मिस्त्री : नट बोटाने फिरतोय.

ताई : बोटाने?

मिस्त्री : पाना न लावता. दोन आटे उरलेत फक्त.

ताई : आणि ते दोन निघाले असते तर?

मिस्त्री : तर चाक बाहेर आडवं आणि गाडी नाकावर. कुठे असता तुम्ही, त्यावर पुढचं.

ताई : पण नट असा सैल होतोच कसा?

मिस्त्री : होऊ नये म्हणून त्यात आरपार पिन घालतात. जाडसर तारेची, टोकं दुमडायची. मग नट ढिला झाला तरी सुटत नाही. इथे ती पिनच नाही. तुटली असती तर तुकडा तरी अडकून राहिला असता. भोक स्वच्छ आहे ताई. पिन घातलीच नाही कुणी.

ताई : कुणी म्हणजे बाबांनी.

मिस्त्री : मी काही बोललो नाही.

ताई : रोज याच गाडीतून लेकीला शाळेत सोडायचे मी. सोमवारपासून भीतीने बंद केलं, नाहीतर... नाहीतर ती माझ्या शेजारी बसलेली असती आज.

मिस्त्री : देवाने वाचवलं म्हणायचं. मग शाळेत कशी जाते ती?

ताई : काकांच्या व्हॅनने. बाबांचे मित्र, शाळेची व्हॅन चालवतात.

मिस्त्री : पांढरी जुनी व्हॅन? तिचं काम कोण करतं?

ताई : बाबाच करतात. तेही फुकट, मुलांची गाडी म्हणून... मिस्त्री.

मिस्त्री : शेवटचं कधी केलं?

ताई : माझ्या गाडीचं केलं, त्याच रविवारी. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी चढवल्या होत्या. मी स्वतः चहा नेऊन दिला दोघांना.

मिस्त्री : उस्तादांना फोन लावा. स्पीकरवर टाका.

बाबा : हॅलो. कोण? तोंडात घास घेऊन बोलू नका, नीट बोला.

ताई : बाबा, मी. माझ्या गाडीच्या बॉल जॉइंटला पिन नाही.

बाबा : कसली पिन? कुठे आहेस तू?

मिस्त्री : उस्ताद, मी बारक्या.

बाबा : बारक्या? माझी पोर तुझ्याकडे काय करतेय? आणि तुला कुणी सांगितलं माझं काम उघडायला?

ताई : बाबा, नंतर रागवा. पिन नाही.

बाबा : काहीतरी बरळू नकोस. ठिपका दिलाय मी.

मिस्त्री : ठिपका आहे उस्ताद. पिन नाही.

बाबा : बारक्या, चाळीस वर्षं मी...

मिस्त्री : पाया पडतो तुमच्या. पिना कुठे ठेवल्या होत्या, तेवढं सांगा.

बाबा : कुठे म्हणजे? नव्या आणल्या होत्या. चार. दोन पोरीच्या गाडीला, दोन व्हॅनला. पाकीट इथे खिडकीत ठेवलं होतं, रिकामं असेल ते... थांबा.

ताई : बाबा?

बाबा : पाकीट फोडलेलंच नाही.

मिस्त्री : आत किती आहेत?

बाबा : चार.

ताई : चारही?

बाबा : मी मधेच जेवायला उठलो होतो. जेवून आलो आणि ठिपके दिले. पण पिना घातल्या होत्या गं मी. टोकं दुमडल्याचं मला अगदी स्पष्ट आठवतंय. माझ्या हातांना आठवतंय.

मिस्त्री : ताई, शाळा किती वाजता सुटते?

ताई : साडेबाराला. किती वाजले?

मिस्त्री : बारा चाळीस. हा माझा फोन घ्या, व्हॅनवाल्यांना लावा. उस्तादांचा फोन बंद करू नका.

ताई : वाजतोय. वाजतोय नुसता. उचलत नाहीयेत.

बाबा : नाही उचलणार. चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच त्याच्या डोक्यात भरलंय. पोरी, काल तो म्हणाला होता मला. समोर काहीतरी वाजतंय म्हणाला.

ताई : मग तुम्ही काय सांगितलंत?

बाबा : रेडिओ मोठा कर म्हटलं.

मिस्त्री : द्या फोन इकडे. शाळेचा नंबर सांगा ताई, मी बोलतो. हॅलो, शाळा का? पांढरी व्हॅन फाटकात असेल तर अडवा, सोडू नका... कधी? बरं. बरं.

ताई : काय म्हणतात?

मिस्त्री : पाच मिनिटांपूर्वी निघाली.

ताई : टाकीचा उतार. ती टाकीच्या उताराने खाली जाणार. बाबा! त्याआधी व्हॅन तुमच्या दारावरूनच जाते ना? गेली का?

बाबा : नाही गेली. मी खिडकीतच उभा आहे.

ताई : बाहेर जा बाबा. थांबवा तिला.

बाबा : निघालो. काठी कुठे गेली... मरू दे काठी.

मिस्त्री : उस्ताद, फोन चालूच ठेवा.

ताई : मिस्त्री, त्यांना हॉर्न ऐकू येत नाही.

मिस्त्री : काय?

ताई : ते रस्त्याच्या मधे जाऊन उभे राहतील आणि मागून कुणी हॉर्न दिला तर त्यांना ऐकू येणार नाही! बाबा, कडेला उभे राहा! नुसता हात करा!

मिस्त्री : डोळे धड आहेत त्यांचे ताई. दिसेल त्यांना.

ताई : मधे जाऊ नका बाबा! ऐकताय का?

मिस्त्री : फोन कानाला नसणार आता. हातात असेल.

बाबा : आली! पांढरी! थांब रे! ए, थांब!

ताई : बाबा, कडेला व्हा!

मिस्त्री : हॉर्न वाजतोय.

ताई : मला येतोय ऐकू, त्यांना नाही येत! बाबा! मिस्त्री, काहीतरी करा ना हो. काय झालं? काही ऐकू का येत नाही?

मिस्त्री : शू. ऐका. इंजिन बंद झालं.

ताई : बाबा!

बाबा : ओरडतेस कशाला एवढी? आहे मी.

ताई : थांबली?

बाबा : थांबली. बंपर माझ्या गुडघ्याला टेकलाय. हा शिव्या घालतोय मला. घाल बाबा, घाल. आधी पोरं उतरव, मग वाट्टेल तेवढ्या घाल.

ताई : उतरली का सगळी?

बाबा : उतरतायत. फाटकाच्या आत घेतो त्यांना. नऊ... दहा... अकरा. थांब, पुन्हा मोजतो. अकरा. तुझी सगळ्यात शेवटी उतरली, डबा शोधत बसली होती. विचारते, आजोबा बनियनवर रस्त्यात का आलात.

ताई : काय सांगितलंत तिला?

बाबा : सांगितलं, आजोबांचं काम चुकलं.

मिस्त्री : उस्ताद, व्हॅन आता तसूभरही हलवू नका. ताईंना बाइकवर मागे घेऊन दहा मिनिटांत पोचतो.

बाबा : ये. पिना इथेच आहेत. पण बारक्या, ऐक.

मिस्त्री : जी.

बाबा : दोन महिन्यांत आणखी तीन गाड्या केल्यात मी. त्यांना आत्ता फोन करतो, गाड्या जागच्या हलवू नका म्हणून. तू त्या सगळ्या उघडून बघ. एकूण एक नट.

मिस्त्री : तुमचं काम मी कसं...

बाबा : उघड म्हणतो ना. माझा ठिपका दिसला तरी थांबू नकोस.

मिस्त्री : जी उस्ताद.

ताई : बाबा, तुम्ही बसा आता पायरीवर. काकांना पाणी द्यायला सांगा. आम्ही निघालोच.

बाबा : हं.

ताई : घाबरलात का?

बाबा : काय?

ताई : घाबरलात का, म्हटलं!

बाबा : हो गं. ये लवकर.