टाकीचा आवाज

...नाही नाही नाही, त्या काट्याचं नाव माझ्यासमोर काढू नका! पेट्रोलचा काटा म्हणे! अहो, मोटारसायकल घेतल्यापासून एक दिवस, एक दिवस तो खरं बोलला असेल तर शपथ! चढाला लागलो की टाकी भरलेली, उताराला लागलो की रिकामी, गाडी तिरकी लावली की अर्धी, आणि खड्ड्यातून गेलो की असा नाचतो, असा नाचतो, की वाटतं ह्याच्याच घरी लग्न आहे! मेकॅनिकला दाखवला. त्याने काचेवर टिचकी मारली, काटा टुणकन वर, आणि हा म्हणतो, "झालं काम!" अरे, काय झालं काम? टिचकीने पेट्रोल वाढतं का? तसं असतं तर मी दिवसभर टिचक्या मारत नसतो का बसलो? तेव्हापासून ठरवून टाकलं, तुम्हाला सांगतो, काट्याचं ऐकायचं नाही!

मग ऐकायचं कुणाचं? टाकीचं! हसू नका, कला आहे ती. गाडी दोन पायांत घ्यायची, हँडल धरायचं, कमरेतून अस्सा हिसका द्यायचा आणि कान लावायचा. डुबुक-डुबुक-डुबुक आलं, ऑफिसला जाऊन परत. डुबुक... डुबुक... असं दमून आलं, तर नुसतं जाऊन, येताना पंप. आणि आवाजच नाही? मग कुठ्ठे जायचं नाही! ऑफिसात नाव आहे माझं ह्या बाबतीत. लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, "साहेब, जरा हलवून सांगा ना, सासुरवाडीपर्यंत पोचेन का?" मी हलवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "पोचाल. परत यायचं काय ते सासऱ्यांना विचारा."

तर त्या दिवशी हिची मुलाखत. ही म्हणजे बायको. इतकी वर्षं छोट्याशा लॅबमध्ये लोकांना सुया टोचल्या, आणि आता मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबची प्रमुख व्हायची संधी! अहो, संधी कसली, आयुष्याचं सोनं! तिच्यापेक्षा माझीच छाती जास्त धडधडत होती. ही इस्त्रीचे कपडे घालून, नवे बूट घालून खाली उभी, तोंडातल्या तोंडात उत्तरं पाठ करतेय. मी गाडी काढली, पायांत घेतली, दिला हिसका. आवाज नाही! पुन्हा दिला. चिडीचूप! स्मशानशांतता! मी म्हटलं, "संपलं पेट्रोल."

ही वाकून बघते, "अहो, काटा तर फुल दाखवतोय."

"काटा!" मी म्हटलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून काट्यावर विश्वास?"

"मग झाकण उघडून बघा ना."

आता सांगा! झाकण उघडून? गवयाला म्हणायचं का, सूर लागलाय की नाही ते घसा उघडून दाखवा? मी म्हटलं, "ज्याला कान नाहीत त्याने झाकण उघडावं. बस मागे. पंपापर्यंत ओढेल कदाचित." निघालो. आणि तुम्हाला सांगतो, न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलो असू नसू, गाडीने दोन आचके दिले... खक्... खक्... आणि बंद! अहो, मला काय आनंद झाला! बायकोची मुलाखत चुकायची वेळ आली आणि मी भर रस्त्यात ओरडतोय, "बघ! म्हटलं नव्हतं? काट्याचं ऐकायचं नाही!"

आता तुम्ही म्हणाल, रिझर्व्हचा खटका का नाही फिरवला? अहो, गाडी चार दिवस रिझर्व्हवरच चालली होती! खाली वाकायचं कशाला? लागलो ढकलायला. पुढे हा मोठा चढ. मी हँडलला, ही मागून. नवे बूट करकर वाजतायत, घामाने इस्त्री गेली वाऱ्यावर. न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला, "संपलं का?" मी छाती काढून म्हटलं, "मला घरीच कळलं होतं!" हा म्हणतो, "मग घरीच का नाही भरलं?" घरी काय पेट्रोलचा नळ आहे? आणि गाडी... गाडी इतकी जड! मी धापा टाकत हिला म्हणतोय, "रिकामी... असून... बघ किती... जड आहे... कंपनी... मजबूत!" बायको बोलत नसली की समजून जायचं असतं, पण मी त्या दिवशी आनंदात होतो ना!

पोचलो एकदाचे. मी राजासारखा म्हटलं, "फुल कर!" पंपावरच्या माणसाने झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत आत बघितलं. म्हणाला, "साहेब, ओतू कुठे?"

"म्हणजे?"

"टाकी काठोकाठ आहे. खिशात घेता का?"

मी घरी फोन लावला. बाबा म्हणतात, "अरे, सूनबाईची मुलाखत ना आज, म्हणून पहाटेच गळ्यापर्यंत भरून आणली. आणि टाकीखालचा पेट्रोलचा खटका बंद करून ठेवलाय. पेट्रोल उडून जातं ना नाहीतर." उडून जातं! बाबांचं वेगळंच शास्त्र! म्हणजे गाडी निघाली ती नळीत उरलेल्या घोटभर पेट्रोलवर, आणि भरलेली टाकी डुबुक करणार कशी? हलायला जागा नको का आत? आणि तो काटा... तो नालायक, जन्माचा खोटारडा काटा, नेमका त्याच दिवशी खरं बोलत होता! आता अशाने माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा?

ही शांतपणे खाली वाकली, खटका फिरवला, हेल्मेट घातलं आणि गाडीवर बसली. मी मागे बसायला पाय उचलला, तर म्हणते, "तुम्ही राहू द्या. वाटेत पुन्हा हलवून बघाल." आणि गेली! भुर्रकन गेली! मी एका पायावर, पंपावर.

पण पोचली हो, वेळेत पोचली! आत चार मोठे डॉक्टर. पहिलाच प्रश्न, "यंत्र एक आकडा सांगतंय आणि तुमचे वरिष्ठ म्हणतात यंत्र खोटं आहे, मला अनुभवाने कळतं. तुम्ही काय कराल?" ही म्हणाली, "कुणाचंच ऐकणार नाही. झाकण उघडून बघेन." आणि हसायलाच लागली! थांबेचना! मग त्यांनी विचारलं, हसताय का, कपडे असे का झाले... आणि हिने सगळं सांगितलं. सगळं! कमरेतला हिसकासुद्धा उठून करून दाखवला म्हणे! डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी. नोकरी जागच्या जागी पक्की!

आनंद झाला, खरंच सांगतो, ऊर भरून आला माझा. म्हटलं, बायको प्रमुख झाली, आता रुबाबात हॉस्पिटलात जायचं. परवा गेलो रक्त तपासायला. रक्त घेणारा नवीन माणूस, मला ओळखायचं काही कारणच नाही. नाव सांगितलं, तर खुर्चीतून उठलाच! आतून दोन नर्सना बोलावलं. माझं रक्त काढलं, बाटली माझ्या कानाजवळ धरली आणि म्हणतो, "रिपोर्ट उद्या मिळेल साहेब, का हलवून तुम्हीच सांगताय?"

बाही खाली केली आणि म्हटलं, "उद्याच येतो."