आग लागली नाही, हे कुठे लिहायचं?

...आणि वर म्हणतात, रेझ्युमे एका पानात बसवा! अहो, अख्खा माणूस एका पानात? मी साध्या खुर्चीत बसताना आधी ती हलवून बघणारा माणूस, आणि तुम्हाला सांगतो, त्या कॉम्प्युटरवरच्या कोऱ्या पानाकडे बघून मी खुर्चीच मागे सरकवली. पांढरंफटक पान, त्यावर एक बारीक काळी रेघ, लुकलुक लुकलुक, लुकलुक लुकलुक... जणू विचारतेय, "हं, बोला, काय केलंत आयुष्यात?" तुम्हीच सांगा, माणूस घाबरेल का नाही?

हां, म्हणजे तसा मी सगळ्यालाच घाबरतो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? घराला कुलूप लावलं की ओढून बघतो, जिना उतरतो, परत चढतो, पुन्हा ओढून बघतो, आणि खालून बायको ओरडते, "अहो, तुमच्या ओढण्यानेच तुटेल ते एक दिवस!" आणि असला मी, आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर! म्हणजे रंगाचे डबे आणि थिनरची पिंपं सांभाळायची. थिनर काय चीज आहे माहितीये? नुसती काडी दाखवायची, की तुम्ही, मी, कारखाना, समोरचा रस्ता, सगळं खलास! तिथे मी कसे दिवस काढले असतील? घाबरत घाबरत काढले. रोज वाटायचं, आज भडका उडणार. आणि झालं काय? एके दिवशी मालकांनी कारखानाच बंद केला. आग नाही, स्फोट नाही, नुसतं गेटला कुलूप. ज्याला मी कधी घाबरलोच नव्हतो, नेमकं तेच झालं!

मग काय, शोधा नोकरी. या वयात! घर सध्या बायको चालवतेय, शाळेचे युनिफॉर्म शिवून. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करते, तिला वाटतं मला दिसत नाही. मी समोर बसून जाहिराती वाचतो... लाज वाटते हो. खरंच वाटते. आणि प्रत्येक जाहिरातीच्या खाली तेच, रेझ्युमे पाठवा, रेझ्युमे पाठवा!

शेवटी आमची कन्या म्हणाली, "बाबा, सरका, मी लिहिते." कॉलेजात आहे ती, तिथे हे सगळं शिकवतात त्यांना. म्हणाली, "नुसती कामं नाही सांगायची, काय साध्य केलंत ते सांगायचं." म्हटलं, साध्य? "हो ना. तुमच्यामुळे तिथे काय घडलं?" मी डोकं खाजवलं, छताकडे बघितलं, म्हटलं, लिही, माझ्या स्टोअरला कधी आग लागली नाही. तिने कीबोर्डवरून बोटं उचलली. "बाबा, जे घडलं नाही ते रेझ्युमेत नाही लिहीत." बरं, मग लिही, एक पिंप गळलं नाही. "बाबा..." कुणाच्या डोक्यात डबा पडला नाही. "बाबा, अहो सगळं नाही-नाहीच आहे हे!" आता मी काय करू? लावायला हवी होती का एखादी? लहानशी, रेझ्युमेपुरती? जे होऊ नये म्हणून जन्मभर जीव मुठीत धरून बसलो, ते झालं नाही, आणि म्हणून माझं पान कोरं! माणूस घाबरेल का नाही?

आणि तेवढ्यात... मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. हा विमा विकतो. म्हणजे दुसऱ्यांना घाबरवायचं हाच धंदा, आणि स्वतः कशाला घाबरेल तर शपथ! आल्या आल्या सुरू. "दाजी, हे काय रडगाणं? रेझ्युमे कसा शोकेससारखा पाहिजे! तू लिही गं, मी सांगतो. 'धाडसी.' 'जोखीम पत्करायला सदैव तयार.' 'संकटात शांत.'" म्हटलं, अरे, हा कोण? "तुम्ही!" अरे, मी पाल दिसली की पलंगावर चढतो! "पालीचं कोण विचारणार आहे, दाजी? हं, छंद... गिर्यारोहण लिही!" गिर्यारोहण? अहो, आमच्या घरात बल्ब बायको बदलते, मी स्टूल धरतो, आणि तेसुद्धा डोळे मिटून! तर मला म्हणतो, "कागद बोलला पाहिजे, दाजी!" बोलेल रे बाबा, पण तो बोलून बसला की निस्तरायचं कुणी? तोपर्यंत याने रेझ्युमे पाठवायचं बटण दाबलंसुद्धा. गेला! मी ओरडलो, अगं परत बोलव त्याला! तर कन्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणते, "गेलेला परत येत नाही, बाबा." मयताला आल्यासारखी!

मी म्हटलं, जाऊ दे, कोण बोलावतंय? तर बोलावलं! लाकडाचं पॉलिश बनवणारा कारखाना, स्टोअरकीपर हवा. पॉलिश! म्हणजे पुन्हा तीच पेटणारी पिंपं. माणूस घाबरेल का नाही?

गेलो. एवढीशी केबिन, आत मॅनेजरबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात माझा रेझ्युमे. माझा म्हणजे... त्या गिर्यारोहकाचा. हवा गार होती म्हणून बाईंच्या शेजारी हीटर, तार लालभडक, आणि खुर्चीच्या पाठीवर बाईंचा कोट... आणि कोटाची बाही लोंबतेय, बरोब्बर हीटरच्या वर! बाई म्हणाल्या, "तुम्ही धाडसी आहात असं दिसतंय. एखादा प्रसंग सांगा ना." मी म्हटलं, हो, पण तो कोट... "कोट राहू द्या, प्रसंग सांगा." अहो बाई, जुना प्रसंग कुठून आठवणार, इथे डोळ्यांसमोर नवीन होऊ घातलाय! मी खुर्चीच्या कडेवर आलो. बाही हलली. खाली झुकली. आणि मला वास आला हो, करपल्याचा...

पुढचं मला नीट आठवत नाही. मी किंचाळलो म्हणतात. टेबलाखाली शिरलो, प्लग उपटला, वर येताना डोकं आपटलं, आणि उभा राहिलो ते हातात प्लग घेऊन. आणि जे तोंड सुटलं... बाई, मी धाडसी नाही! ते माझ्या मेहुण्याने लिहिलंय, तो विमा विकतो! मी भित्रा आहे, पहिल्यापासून भित्रा आहे, मी पिंपांची झाकणं रात्री स्वप्नातसुद्धा तपासतो, डोंगर मी फक्त कॅलेंडरवर बघितलाय, चुकलो, येतो!

बाई वळल्या. कोट उचलला, बाही नाकाशी नेली, बघितली. मग हळूच म्हणाल्या, "बसा. आमचा आधीचा स्टोअरकीपर फार धाडसी होता." होता? म्हटलं, होता म्हणजे...? "स्टोअरमध्ये बसून बिडी ओढायचा. तो बरा आहे. स्टोअर नाही." आणि खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडे एक भिंत उभी होती, काळीठिक्कर. नुसती भिंत. माझे तर डोळेच फिरले.

"तुमच्या स्टोअरला कधी आग लागली होती?"

नाही हो.

"कधीच?"

कधीच नाही. पण ते रेझ्युमेत लिहीत नाहीत, बाई.

बाईंनी पेन घेतलं, 'धाडसी'वर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

घरी येऊन सांगितलं. कन्या नाचली, मेहुणा म्हणाला, "बघा, लागला की नाही माझा रेझ्युमे कामाला?" आणि बायको... तिने शिलाई मशीन थांबवलं, पदराने डोळे टिपले. म्हटलं, चला, जन्मात एकदा तरी हिला माझ्यामुळे बरं वाटलं. आणि ती काय म्हणाली माहितीये? "लागली ना नोकरी? मग आता तरी घाबरायचं सोडा!"

म्हटलं, हळू बोल, कुणी ऐकेल! अगं, घाबरायचं सोडलं तर नोकरी जाईल!

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच आधी छातीवर हात ठेवून बघतो... धडधडतंय ना? धडधडतंय. मगच उठतो, कामावर जातो.