होडीआडची झुकिनी

ओस्ला : टोपीत काय आहे?

रॅस्मी : डोकं.

ओस्ला : डोकं टोपीच्या आत असतं तेव्हा टोपी डोक्यावर असते. तू ती छातीशी धरून माझ्या कोबीतून रांगत आलायस.

(शेटलंडमधलं एक बेट, ऑगस्टमधली सकाळ. ओस्लाच्या परसात एक जुनी होडी पालथी पडलेली. तिच्या आडोशाला ओस्ला गुडघे टेकून बसली आहे. शेजारचा रॅस्मी नुकताच येऊन पोचला आहे. दोघं साठी ओलांडलेली, एकाच शाळेतली. वारा सुटला आहे.)

रॅस्मी : रांगत नव्हतो. वाऱ्याला मान देऊन चाललो होतो.

ओस्ला : कोपरांवर?

रॅस्मी : जास्त मान दिला. ते सोड. सकाळी दुर्बिणीतून देवमासे बघत होतो मी.

ओस्ला : देवमासे समुद्रात असतात, रॅस्मी. समुद्र त्या अंगाला. इकडे माझं परस आहे.

रॅस्मी : आज दिसेनात, म्हणून म्हटलं, इकडे बघू. तर तुझ्या होडीमागे काहीतरी पिवळं दिसलं.

ओस्ला : रेनकोट असेल.

रॅस्मी : रेनकोटाला पानं होती. सुपाएवढी. ओस्ला, मला एक सांग. एप्रिलमध्ये हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर, हातात चहा घेऊन कोण म्हणालं होतं की या बेटावर उघड्यावर कोबी, मेंढ्या आणि तक्रारी सोडून काही उगवत नाही?

ओस्ला : मी. आणि खरं तेच आहे.

रॅस्मी : मग हे होडीमागे काय आहे?

ओस्ला : तक्रार.

रॅस्मी : त्या तक्रारीला फूल आलंय. आणि फुलामागे करंगळीएवढी हिरवी गाठ आहे. म्हणजे मादीफूल. बाई, तू झुकिनी लावलीस! उघड्यावर! माझ्याशी पैज मारून!

ओस्ला : हळू बोल. पलीकडच्या परसात जेमायमा कपडे वाळत घालतेय.

रॅस्मी : या वाऱ्यात?

ओस्ला : घालत नाहीये. पकडतेय. पण कान रिकामे आहेत तिचे.

रॅस्मी : का लावलीस?

ओस्ला : बोलून तर गेले. मग मनात राहिलं. म्हटलं, आपण चुकत असू तर ते आधी आपल्याला कळावं. तुला नाही.

रॅस्मी : म्हणजे मी बरोबर...

ओस्ला : ते वाक्य पुरं करू नकोस. ते वाक्य पैजेवर आहे.

रॅस्मी : बरं, नाही करत. नुसती आठवण करून देतो. पुढच्या शनिवारच्या भाजी-प्रदर्शनात उघड्यावर वाढलेली, अंगठ्याहून मोठी एक तरी झुकिनी टेबलावर आली, तर तू मंचावर चढून म्हणणार, 'रॅस्मी बरोबर होता.'

ओस्ला : आणि नाही आली, तर त्याच मंचावर मेंढ्यांच्या कात्रीनं तुझी दाढी उतरणार. तेही सांग. गाळू नकोस.

रॅस्मी : तेच तर सांगायला आलोय. ओस्ला, या हिवाळ्यात मशालींच्या उत्सवात व्हायकिंगांचा सरदार मी आहे. आयुष्यभर रांगेत थांबलो तेव्हा नंबर लागला. मशाली पेटणार, जहाज ओढत नेणार, गाव मागे, मी पुढे. चिलखत, ढाल, कुऱ्हाड, पंखांचं शिरस्त्राण. आणि त्याच्या खाली गुळगुळीत हनुवटी? लोक म्हणतील, सरदार आजारी पडला, त्याची मावशी आलीय.

ओस्ला : फेब्रुवारीपर्यंत वाढेल की परत.

रॅस्मी : माझी? ही दोन वर्षांची आहे.

ओस्ला : ही? मला वाटलं मफलर उसवलाय.

रॅस्मी : हस. हस तू.

ओस्ला : पण तुझं रोप आहे ना? गावभर सांगत होतास, दणकट आडोसा केलाय म्हणून.

रॅस्मी : केला होता. दार लावलं होतं.

ओस्ला : कसलं दार?

रॅस्मी : न्हाणीघराचं.

ओस्ला : आणि न्हाणीघराला?

रॅस्मी : आमची ही, बर्टा, आत गेली की गाणं म्हणते. पाहुणे असले की मोठ्यानं. तिची तक्रार नाही. म्हणजे तिची तक्रार आहे, पण ती गाण्यातूनच करते.

ओस्ला : तरीच रविवारी पाद्रीबाबा चहा न घेता निघाले. मग? बिनसलं कुठं?

रॅस्मी : पहाटे दार गेलं.

ओस्ला : कुठं?

रॅस्मी : नॉर्वेकडे. बिजागऱ्यांसकट. झाड मुळाशी पिळवटलंय, आता नाही उठायचं. आणि तसंही त्याला नुसती नरफुलंच येत होती. एकामागून एक नर. घरात पाच भाऊ असावेत तसे. निघताना फुलं तेवढी वाचवून आणली.

ओस्ला : टोपीत.

रॅस्मी : टोपीत. तीन होती.

ओस्ला : दाखव. रॅस्मी, हे एकच आहे.

रॅस्मी : एक वाऱ्यानं नेलं. एक तुझ्या बोकडानं खाल्लं. मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात तो या तिसऱ्याकडे बघायला लागला. म्हणून रांगलो.

ओस्ला : शेवटी कबूल केलंस.

रॅस्मी : तुझ्या झाडाला नरफूल आहे का?

ओस्ला : नाही. हे एकच फूल, आणि तेही आजच उमललंय. दुपारी मिटेल. तसंच मिटलं की मागची गाठ पिवळी पडून गळेल, आणि शनिवारी मी कात्री घेऊन पहिल्या रांगेत.

रॅस्मी : आणि आत्ता याचा पराग त्याला लावला तर?

ओस्ला : तर झुकिनी.

रॅस्मी : तर.

ओस्ला : कुणाची? झाड माझं, पराग तुझा.

रॅस्मी : तुझी! प्रदर्शनाच्या कार्डावर नाव तुझं. तिथं बापाचं नाव लिहायची पद्धत नाही. पहिलं बक्षीस तुझं. त्या वर्गात दुसरं कुणी नसतंच. पैज फक्त 'बेटावर' अशी होती. कुणाच्या परसात ते ठरलं नव्हतं.

ओस्ला : म्हणजे मी माझ्याच हातानं माझी पैज हरायची, आणि वर बक्षीसही घ्यायचं.

रॅस्मी : असं मानाचं हरणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

ओस्ला : साठ वर्षं ओळखते तुला. शाळेत पाढे म्हणताना, होडी रंगवताना, हवामान सांगताना, ते वाक्य तुझ्याबद्दल कुणी उच्चारलेलं नाही. बर्टानंही नाही. आणि पहिल्यांदा मी म्हणायचं? माईकवर?

रॅस्मी : माईक मागच्या वर्षी बिघडलाय.

ओस्ला : दुरुस्त केला. मीच वर्गणी काढली.

रॅस्मी : ओस्ला.

ओस्ला : काय?

रॅस्मी : पाय धरू का?

ओस्ला : धरू नकोस. चिखल लागेल मला. आण ते फूल इकडे.

रॅस्मी : खरंच?

ओस्ला : एप्रिलपासून या झाडाला बादलीनं झाकतेय, उघडतेय, परत झाकतेय. रात्री वारा वाढला की उठून बघतेय. ते काय गाठ गळून पडलेली बघायला? पाकळ्या काढ त्याच्या. हळू. मासा नाही सोलायचाय.

रॅस्मी : बोटं जाड आहेत माझी.

ओस्ला : दे इकडे. असं. आता माझ्या फुलाची पाकळी धर बाजूला. श्वास दुसरीकडे सोड.

रॅस्मी : कुठं?

ओस्ला : नॉर्वेकडे. झालं. लागला पराग. दिसला का?

रॅस्मी : दिसला. पिवळा. आता काय म्हणायचं असतं अशा वेळी?

ओस्ला : काही नाही. गप्प बसायचं असतं, म्हणूनच बेटावर कुणी झुकिनी लावत नाही... अरे! जाळी! धर, धर ती जाळी!

रॅस्मी : गेली.

ओस्ला : वरच्या अंगाचा आडोसा होता तो. दुपारपर्यंत फूल फाटायला नको. खाली बस. पाठ वाऱ्याकडे.

रॅस्मी : मी?

ओस्ला : दार असतं तर दाराला सांगितलं असतं. मीही बसते शेजारी. इतका चिकटू नकोस.

रॅस्मी : मधून वारा येतो.

ओस्ला : थोडा येऊ दे. सगळाच अडवला की आपल्या डोक्यावरून उडी मारून झाडावरच आदळतो. बघ, पानं उलटी होताहेत. सरक. अजून. आता बघ, कशी शांत झाली.

रॅस्मी : दुपारपर्यंत असंच बसायचं?

ओस्ला : तुला सरदार व्हायचंय.

रॅस्मी : आणि तुला?

ओस्ला : मला झुकिनी बघायचीय. कधी बघितलेली नाही, उघड्यावरची.

रॅस्मी : जेमायमा इकडेच बघतेय.

ओस्ला : बघू दे. हात हलवू नकोस तिला. रॅस्मी, हलूच नकोस.

रॅस्मी : का? काय झालं?

ओस्ला : मधमाशी. दाढीत शिरलीय तुझ्या.

रॅस्मी : अगं मग हाकल की तिला!

ओस्ला : नको. बसू दे. या वाऱ्यात दुसरीकडे कुठं जाईल ती.