आरतीच्या ताटातली चावी

मंडळी, आज पहिला प्रश्न तुम्हालाच! शुद्धीत नसलेल्या माणसाच्या हातून कुणाचा जीव गेला, तर त्याची शिक्षा कमी करायची की वाढवायची? सांगा! कमी? जास्त? हे पुढचे काका म्हणतात, 'आधी त्याची उतरू तर द्या!' काका, तुम्हाला बरीच माहिती दिसते!

बाहेर चपलांशेजारी टेबलावर एक अर्ज ठेवलाय. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं माणूस मारला, तर त्याला आजच्यापेक्षा कडक शिक्षा व्हावी. येताना तुम्ही सह्या केल्यात. माझी सही नाही. दोघीजणी कुजबुजल्या, ऐकलं मी — 'हिचे वडील असेच गेले ना? मग हिचीच सही कशी नाही?' सांगते. त्यासाठीच उभी आहे.

ऐका. चार वर्षांपूर्वीचा वैशाख. कोंडवाडीला वास्तुशांत होती, दुपारचं माझं कीर्तन. तबल्यावर माझे वडील, अण्णा. अण्णांना दोन गोष्टी सहन होत नसत — बेसूर पेटी आणि बिनबेदाण्याचा शिरा. त्या दिवशी दोन्ही होतं! मी बोलता बोलता वाहवत गेले की अण्णा डग्यावर एकच जड थाप द्यायचे. लोकांना वाटायचं, वा, काय रंगलंय! मला कळायचं — 'पोरी, थांब.'

आरती झाली, ताट माझ्यापुढे आलं. घरमालकांचे एक पाहुणे डुलत डुलत पुढे आले — भक्तीनं नव्हे! खिशात हात घातला, आणि ताटात टाकलं काय? नाणं नव्हे — गाडीची चावी! अख्खा मांडव हसला. मी म्हटलं, 'दादा, देवाला गाडी नको, देव पायी जातो!' पुन्हा हशा. डग्यावर एक थाप पडली. चावी पाहुण्यांना परत मिळाली. अण्णा सायकलवरून पुढे निघाले.

नाक्यापर्यंत पोचले नाहीत.

असो. आख्यान ऐका!

एक होतं धर्मपूर. तिथले सरदार सर्जेराव भरदुपारी, भरबाजारात, भरपूर पिऊन रथ हाकत आले. एक कुंभार मडकी घेऊन बसला होता. मडकी गेली, कुंभारही गेला. दुसऱ्या दिवशी दरबार. सर्जेराव आले — अंघोळ केलेली, कपाळी गंध, जणू सत्यनारायणालाच बसायचंय! म्हणाले, 'महाराज, काल रथात मी नव्हतोच! तो प्यालेला सर्जेराव होता. मी हा न प्यालेला. आमची ओळखसुद्धा नाही!'

राजानं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी पोथी उलटसुलट केली, म्हणाले, 'मुद्दा सूक्ष्म आहे, पण खरा आहे. दोघे वेगळे! शिक्षा प्यालेल्याला!' ठोठावली सात वर्षं!

संध्याकाळी तुरुंगाधिकारी धावत आला. 'महाराज, घोटाळा झाला! गुन्हेगाराची उतरली! कोठडीत आता निर्दोष माणूस बसलाय!' आता? निर्दोषाला डांबायचं? धर्मपुरात? छे! हुकूम निघाला — कैद्याला रोज सकाळी सरकारी खर्चानं एक घडा दारू!

मग काय मंडळी! तुरुंगाधिकारी पेला घेऊन दारात उभा, हात जोडून — 'घ्या हो सरदार! नाही घेतलीत तर तुम्हाला सोडावं लागेल, माझी नोकरी जाईल!' आणि सर्जेराव आतून, 'घेतो रे, पण सोबत भजी तरी आण!' महिन्याभरात तुरुंगापुढे रांग! 'आम्हालाही शिक्षा करा!' एकजण तर काखेत शेजाऱ्याची कोंबडी घेऊन आला — 'मी हिला रथाखाली घेणारच होतो, ही पळाली! पण माझा हेतू बघा ना साहेब!'

दिवाळीत सर्जेरावांनी चार दिवस प्यायची नाही असं ठरवलं. झाले निर्दोष! आले घरी! वर नाहक डांबल्याबद्दल राजाकडून शालजोडी! बायको दाराआडून विचारते, 'आत्ता कोण आलंय? त्याप्रमाणे पान वाढते!'

हसताय! कुंभाराची मुलगी गोदा मात्र हसली नाही. ती दरबारात गेली. म्हणाली, 'महाराज, सरदार दोन आहेत, मान्य. माझा बाप एकच होता. दोघांपैकी कुणीही शुद्धीवर आलं, तरी तो उठत नाही. मला एवढंच सांगा — पहिला पेला कुणी उचलला?'

शास्त्रीबुवा म्हणाले, 'प्यालेल्यानं!'

'तो कसा उचलेल, बुवा? तो तर अजून जन्मलाच नव्हता!'

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. 'मग… न प्यालेल्यानं.'

'बाहेर रथ उभा आहे, आपणच हाकत परत जायचंय, हे कुणाला ठाऊक होतं?'

'न प्यालेल्याला.'

'म्हणजे पूर्ण शुद्धीत बसून यानंच त्याला जन्माला घातलं आणि यानंच त्याच्या हाती लगाम दिला. महाराज, तुम्ही एकालाच धरलंत. गुन्हेगार दोन आहेत. पिणाऱ्याला एक शिक्षा, आणि ज्यानं शुद्धीत लगाम दिला त्याला दुसरी!'

राजा उठून उभा राहिला. 'दोघांनाही सात-सात! एकाची संपली की दुसऱ्याची सुरू! आणि घडा बंद!'

सर्जेराव ओरडले, 'महाराज, अन्याय! चौदा वर्षं? अहो, मी एकटाच आहे!'

राजा म्हणाला, 'हे आत्ता आठवलं?'

मंडळी, मिळालं उत्तर? दारू ही सूट नव्हे. शुद्धीत केलेला तो पहिला गुन्हा! म्हणून शिक्षा वाढवायची. बाहेरच्या अर्जात तेच लिहिलंय, आणि बरोबर लिहिलंय.

पण गोदाचं शेवटचं वाक्य नीट ऐकलंत का? ज्यानं शुद्धीत लगाम दिला त्याला दुसरी! सर्जेरावांचा लगाम त्यांच्याच हातात होता. आपल्याकडे तो बऱ्याच हातांतून फिरतो. लग्नात 'अजून एक घे रे, काही होत नाही' कोण म्हणतं? पाहुणा झोकांड्या खात निघाला, की 'सावकाश जा हं' म्हणत फाटक कोण उघडतं? माना खाली घालू नका. मीही वर बघून बोलत नाहीये.

पोलिसांनी मला विचारलं, 'तो प्याला होता का?' मी सांगितलं, 'हो. कापराच्या वासातसुद्धा त्याचा वास येत होता.' वकिलांनी विचारलं, 'गाडी तोच चालवत होता का?' मी म्हटलं, 'हो.' चावीचं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज तुम्हालासुद्धा मघाशी म्हणाले — चावी परत मिळाली. कशी मिळाली? चालत गेली?

चावी ताटात पडली होती, मंडळी. देवापुढे. तिथेच राहिली असती.

आज त्या अर्जावर सही करणार आहे मी. त्याच्याविरुद्ध करणार आहे, आणि थोडी माझ्याविरुद्धही. पण त्याआधी हे चारचौघांत बोलायला हवं होतं.

मी ती उचलली. पदरानं तिचं कुंकू पुसलं. आणि अण्णा, तुमची थाप मला ऐकू आली होती. तरी त्याच्या हातात मीच दिली.