पिंपळावरचं मोहोळ

(सायखेड्याजवळची वस्ती. धोंडीरामच्या पिंपळाखाली लग्नाचा मांडव उभा राहतोय. बांधापलीकडून त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम धावत आलाय. धोंडीरामची मुलगी तेजल, परवाची नवरी, दोघांच्या मधोमध उभी.)

पुंजाराम : ...म्हणून म्हणतो दादा, ते मोहोळ जाळू नको. पायात चप्पल बी घातली नाय मी. तसाच निघालो.

धोंडीराम : तेजल, त्याला म्हणावं, मांडवाची माणसं खोळंबलीत. आम्हाला येळ नाय.

तेजल : नाना, आबा म्हणतात, वेळ नाही.

पुंजाराम : ऐकलं की मी, दोन हातांवर तर उभा हाय. पोरी, तूच सांग त्याला. औंदा मी कांद्याचं बी धरलंय. सगळं वावर फुलांच्या गोंड्यांनी पांढरं झालं, आन् माशी एक नाय. माशी नाय तर बी कसं भरायचं? तुझी सगुणाकाकी रोज सकाळी गोंड्या-गोंड्यावर फडकं फिरवीत होती, ह्याची भुकटी त्याला लागावी म्हणून. कंबर धरली तिची. आन् काल पाणी द्यायला गेलो, तर वावर गुणगुणतंय. मला वाटलं, मोटार चालू राहिली.

धोंडीराम : म्हणावं, मोटार अजून एकदा तपास.

पुंजाराम : मोटार नव्हं, माशा. बघशील तिकडं माशा. एवढा घोडा झालो तरी बांधावर उड्या मारल्या मी. सगुणा म्हणली, ह्यांना येड लागलं. मग बघत बघत आलो, तर समद्या ह्या पिंपळावरनं येत्यात. आन् आज ऐकतो काय, तर तू मोहोळ जाळायला बारकूला मशाल घेऊन बोलावलंय.

धोंडीराम : तेजल, इचार त्याला, आग्यामोहोळ हाय का कोंबड्या हायेत? खाली आचाऱ्याची भट्टी पेटणार, बाजूला बँजो वाजणार. एकदा का ते मोहोळ उठलं, तर नवरदेव बूट हातात घेऊन पळंल, तो थेट शहरातल्या द्वारकेच्या चौकात थांबंल.

तेजल : पळायचंच असलं तर त्यांच्याकडे मोटरसायकल आहे, आबा. नवीन मोबाईल पण आहे. पोचले की कळवतील.

धोंडीराम : तू हसू नको. माझ्या जिवाला घोर लागलाय.

पुंजाराम : घोर मलाबी हाय, दादा. गेल्या साली दुकानातलं बी टाकलं, निम्मा कांदा जोड निघाला, एकाला एक चिकटलेला. तुझाबी निघाला. मार्केटात व्यापारी एकेक कांदा वर धरून हसत होता. तवाच ठरवलं, आता बी घरचं. एकसारखे, लालबुंद कांदे निवडून लावले मी. ह्या माशा गेल्या तर गोंडे पोकळ राहतील, आन् पुन्हा त्याच दुकानाच्या पायऱ्या. राहिल्या तर माझं भागून तुझ्याबी वावराला बी निघंल.

धोंडीराम : माझ्या वावराची काळजी तू करू नको. ह्याच झाडाची सावली तुझ्या कांद्याला आड येत होती ना? कुऱ्हाड घेऊन चढलास तवा इचारलं होतंस मला? बापानं नागपुराहून येताना वल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं रोप ते. रेल्वेत मांडीवर धरून बसला होता.

तेजल : आबा, तुम्ही नानांशी बोललात.

धोंडीराम : कोण बोललं? मी तुला सांगतोय.

तेजल : मग माझं काम बंद. तीन वर्षं इकडचं तिकडं सांगतेय मी. परवा मी जाणार. पुढं कोणाला मध्ये उभं करणार, म्हशीला?

पुंजाराम : चुकलं माझं, दादा. फांदी तोडली मी.

धोंडीराम : दोन फांद्या.

पुंजाराम : दोन.

तेजल : आणि आबा, तुमचं काय चाललंय? नानांनी फांद्या तोडल्या म्हणून तुम्ही अबोला धरला. आज त्याच पिंपळात तुमचा बारकू जळती मशाल घालणार. पानं वाळलीत सगळी. उद्या झाड पेटलं, तर स्वतःशी किती वर्षं बोलणार नाही तुम्ही?

धोंडीराम : तुझं लगीन ह्याच्या खाली लागावं, एवढंच मनात होतं माझ्या. म्हातारा असता तर त्यानंबी हेच म्हणलं असतं.

तेजल : मला पण तेच हवं होतं. पण त्या माश्या माझ्या आधी आल्या.

पुंजाराम : दादा, माझं खळं घे. सारवलेलं हाय. कांदाचाळ रिकामी पडलीय, आचारी तिच्या आडोशाला बसंल. पिंपळापासून लांब हाय, पण खळ्यातनं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसतो. पोरगी उभी राहिली का समोर पिंपळच. आन् त्या बँजोवाल्याला मी बघतो, तू नको काळजी करू.

धोंडीराम : लोक काय म्हणतील? भावाच्या दारात लगीन लावलं?

तेजल : म्हणू देत. खरंच असेल ते.

धोंडीराम : धूर कुणीकडं जातो तुझ्या खळ्यावरनं?

पुंजाराम : नदीकडं. पिंपळाच्या उलट अंगाला.

धोंडीराम : आन् माणसं मावत्यात का एवढी?

पुंजाराम : मावत्यात. नाय मावली तर बांध ओलांडून तुझ्या वावरात बसतील. आपलंच हाय समदं.

धोंडीराम : तेजल, बारकूला म्हणावं, मशाल ठेवून दे आन् परवा नुसता जेवायला ये. आन् मांडववाल्यांना सांग, बांबू उपटा.

तेजल : जाते. हा माझा शेवटचा निरोप. आता तुमचं तुम्ही बोला.

पुंजाराम : मी पळतो दादा, सगुणाला सांगतो. लय खूश होईल ती. पण... एक राहिलंच.

धोंडीराम : आता काय राहिलं?

पुंजाराम : समद्या वस्तीला लग्नाचं सांगून झालं. आमच्या घरी अजून कुणी आलं नाय.

धोंडीराम : तुझ्याच दारात लगीन, तू जाशील कुठं? ...थांब जरा. सगुणाला तू काय सांगू नको. मी टोपी घालून येतो. सांगायला जायचं तर नीट जावं.