पाय, टाऊ आणि रथाच्या चाकाची धाव

ऐका मंडळी, आज प्रश्न साधा आहे. दोन माणसं भांडतायत. त्यात एक खरा, एक खोटा असेल तर देव निवाडा करतो, आपण घरी जातो. पण दोघंही खरे असतील तर? तर नमतं कोणी घ्यायचं? मागच्या रांगेतले दोघे-तिघे बायकोकडे बघायला लागले. अहो, इकडे बघा. आधी आख्यान ऐका!

पिंपळढव नावाचं गाव. तिथे टिकेकर मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई, त्याही गणिताच्याच. संसार सव्वीस वर्षांचा, भाजीत मीठ किती यावरूनसुद्धा कधी वाद नाही. आणि वाद झाला तो कशावरून? वर्तुळावरून!

आता गणितातला पाय म्हणजे काय? घाबरू नका, परीक्षा नाही. कुठलंही चाक घ्या. त्याची रुंदी, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत, मोजा. तिची तिप्पट करा, वर थोडं, म्हणजे रुंदीचाच सातवा हिस्सा घाला. झाला चाकाचा घेर. ही जी तीनपट आणि थोडं, त्या आकड्याला म्हणायचं पाय. मास्तरांनी सव्वीस वर्षं हाच पाय धरला होता.

एका रविवारी बाईंनी पेपरात वाचलं की काही विद्वान म्हणतात, हा पाय काढा आणि टाऊ आणा. टाऊ म्हणजे दोन पाय. बाईंना ते एकदम पटलं. त्यांनी मास्तरांना सांगितलं, की कंपासचं टोक आपण मधे रोवतो आणि तिथून काठापर्यंतचंच अंतर धरतो. मग माप मधूनच घ्यावं, त्याची सहापट आणि थोडं करावं. पूर्ण फेरी म्हणजे एक टाऊ. आहे की नाही सरळ? तुमच्या पायाने एक फेरी मारायची तर दोन पाय लागतात.

आता मंडळी, फेरी मारायला दोन पाय लागणारच! पण मास्तर हसले नाहीत. त्यांना वाटलं, आपली सव्वीस वर्षं कुणीतरी फळ्यावरून पुसली. ते चहा तसाच ठेवून उठले. त्या दिवसापासून अबोला. मीठ हवं असलं तरी मास्तर भिंतीला सांगायचे आणि बाई भिंतीकडूनच ऐकायच्या.

शाळेत नववी 'अ' पायाची, नववी 'ब' टाऊची. मुलं घरी गेली आणि भांडण घरोघर गेलं. पायवाले न्हाव्याकडे सकाळी, टाऊवाले दुपारी. ठरलेली एक सोयरीक मोडली, का, तर मुलगी टाऊवाल्यांची. शेवटी पंचायतीनं ठराव केला, निकाल लागेपर्यंत गावात कुणी गोल काही करायचं नाही. बायका चौकोनी भाकऱ्या थापायला लागल्या! बारशाला लाडवांऐवजी वड्या. एका आजीबाईंनी कपाळावर चौकोनी कुंकू लावलेलं लोकांनी पाहिलंय.

आणि यात आली भैरवनाथाची जत्रा. चार दिवसांवर. रथाच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या धावा, म्हणजे काठावरच्या लोखंडी पट्ट्या, फुटलेल्या. रखमाजी लोहार म्हणाला, चाक मातीत एक वेढा फिरवतो, खूण करतो, झालं माप. पंच म्हणाले, नाही, शास्त्राप्रमाणे. मास्तरांनी चिठ्ठी दिली, बाईंनी चिठ्ठी दिली. चाक साडेतीन फूट रुंद. दोन्ही चिठ्ठ्यांवर उत्तर एकच, अकरा फूट!

पण उत्तर वाचतो कोण? पंच म्हणाले, कुणावर अन्याय नको. पहिल्या चाकाला माप मास्तरांचं, म्हणजे पूर्ण रुंदी, आणि गुणाकार बाईंचा, सहापट आणि थोडं. दुसऱ्या चाकाला माप बाईंचं, म्हणजे मधापासून काठापर्यंत, आणि गुणाकार मास्तरांचा, तीनपट आणि थोडं. रखमाजीनं हात जोडले, पण त्याला सांगितलं, तू भट्टी बघ.

पहिली धाव झाली बावीस फुटांची. उभी केली तर आतून म्हैस जाईल. दुसरी साडेपाच फुटांची, ती हंड्याला बसली असती. जत्रेच्या दिवशी देव रथात बसलेला, ढोल वाजतायत आणि रथ जागचा हलत नाही. सगळं गाव त्या नवरा-बायकोकडे बघायला लागलं.

मास्तर त्या मोठ्या धावेशेजारी उभे होते. त्यांच्या पोटात एक गोष्ट दोन महिने अडकली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि बाईंकडे बघून, भिंतीकडे नव्हे, म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी पहिल्याच दिवशी कॅलेंडरच्या मागे गणित करून बघितलं होतं."

बाईंनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू बरोबर, म्हणजे मी चूक, असं वाटलं."

बाई म्हणाल्या, "तुमचंही बरोबर आहे. माझ्याही वहीत आहे. मीही बोलले नाही."

रखमाजी पुढे झाला. म्हणाला, बावीस फुटांचे दोन तुकडे केले तर अकरा-अकरा होतात, दोन्ही चाकांचं लोखंड यातच आहे. त्यानं मोठी धाव कापली, तिच्या दोन धावा जोडल्या, तापवून चाकांवर चढवल्या, वर पाणी ओतलं. लोखंड आवळलं, चाकं घट्ट झाली. ऊन कलायच्या आत रथ निघाला. एका दोरीला मास्तर, दुसरीला बाई.

पाय ठेवायचा की टाऊ आणायचा, याचा निकाल पिंपळढवला अजून लागलेला नाही. वाद चालू आहे. पण आता चहा घेत चालतो आणि भाकरी गोल आहे.

तर मंडळी, नमतं कोणी घ्यायचं? अहो, नमायला कुणी सांगितलंय? समोरच्याचं गणित तुम्ही गुपचूप करून पाहिलेलं असतं. उत्तर बरोबर आलेलं असतं. ते एवढंच मोठ्यानं सांगायचं असतं. भावाचं, सुनेचं, शेजाऱ्याचं, कुणाचं कुणाचं दाबून ठेवलंय, आठवा. प्रसाद वाटेपर्यंत वेळ आहे. काय हो पेटीवाले, तुम्ही का मान खाली घातलीत? तुमच्या घरच्या बाई बसल्यात ना तिसऱ्या रांगेत? जा. आम्ही पेटीशिवाय आरती म्हणू.